मिरीचा चेहरा

बसमधून उतरल्या उतरल्या नवऱ्यानं हातातली बॅग काढून घेतली, तेव्हाच वहिनीनं ओळखलं की घरात काहीतरी शिजतंय. एरवी तो स्टँडवर यायचा तो स्टुडिओ उघडा टाकून, घाईघाईत. बॅग तिची तिच्याच खांद्यावर आणि रस्ताभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी. आज त्यानं "दमलीस का?" असंही विचारलं.

"काय झालंय?" ती म्हणाली.

"कुठं काय? काही नाही."

"अण्णांची तब्येत?"

"ठणठणीत आहेत. सकाळीच धाकट्याशी कडाडून भांडले."

"आणि मिरी?"

"मिरी मजेत." हे म्हणताना तो समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे असा काही बघत होता, जसं काही तिकडून हत्ती येतोय. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की हा माणूस खोटं बोलू शकत नाही. फार तर खरं बोलायचं लांबणीवर टाकतो. तिनं पुढं विचारलं नाही. मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून राबणाऱ्या बाईला एक गोष्ट येतेच. दुखतंय कुठं, ते समोरच्यानं आपणहून सांगेपर्यंत थांबणं.

घर वर आणि स्टुडिओ खाली, ही रचना अण्णांच्या काळापासूनची. अण्णांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, जन्मभर शहरातल्या भिंतींवर जाहिराती रंगवल्या. साबणाची हसरी बाई, दात दाखवणारा दंतमंजनाचा पैलवान, डोकं धरून बसलेला मलमाचा गृहस्थ, सगळे त्यांच्याच ब्रशातून उतरलेले. पुढं मुलांनी कॅमेरा हातात घेतला. थोरला धंदा बघायचा, धाकटा फोटो काढायचा, आणि दोघांची मोठी बहीण दुकानादुकानांत फिरून कुठली जाहिरात लोकांच्या नजरेत भरते, कुठली नाही, ते हेरायची. मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओला उतरती कळा लागली. त्या वर्षी वहिनीनं दूरच्या शहरातल्या इस्पितळात नोकरी धरली. "थोडे महिने काढू कसेबसे," असं ठरलं होतं. तेव्हा मिरी धड वाक्य बोलत नव्हती. आता ती आत्याला उलट उत्तरं देत होती.

जिन्यातच मिरी तिच्या अंगावर आदळली. माकडाच्या पिल्लासारखी कमरेला पाय घालून लटकली आणि तोंड उघडून पडलेल्या दाताची जागा दाखवू लागली.

"कधी पडला गं?"

"परवाच. दुखलं नाही. आत्यानं ओढला!"

"ओढला काय! हलतच होता," वरून ताईंचा, म्हणजे नणंदेचा, आवाज आला. "आणि आईला हात तरी धुऊ दे की आधी."

वहिनीनं दूध गरम केलं आणि सवयीनं चमचाभर साखर घातली. मिरीनं एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "तिला आता साखर नाही लागत," ताई हळूच म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांनाच चुटपुट लागली. "म्हणजे, आत्ता आत्ताच सोडलीय. या आठवड्यात." वहिनी हसली. पण तो चमचा तिनं जरा जास्तच वेळ घासला.

जेवताना सगळे चमत्कारिक गोड वागत होते. ताईंनी तिला आधी वाढलं. नवऱ्यानं पाण्याचा ग्लास भरून ठेवला. धाकटे दीर, जे एरवी तिच्या येण्याची वाट बघायचे ती फक्त तिला चिडवायला, ते मान खाली घालून पाव कुस्करत बसले होते. अण्णा तर ताटाशी असूनही नसल्यासारखे.

"आई," मिरी म्हणाली, "माझा फोटो एवढा मोठा होणारेय! बसएवढा! सगळ्या रस्त्यांवर लागणारेय."

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

"घ्या," अण्णा म्हणाले. "पोरीनं तरी तोंड उघडलं."

मग जेवण कसंबसं उरकून सगळे खाली स्टुडिओत गेले. मिरीला वर खेळायला बसवलं. मागच्या भिंतीवर दोन मोठे फोटो चिमट्यांनी टांगले होते. पहिल्यात मिरी खदखदून हसत होती, डोळे जवळजवळ मिटलेले, नाकावर सुरकुत्या. तो बघून वहिनीलाही हसू फुटलं. मग तिनं दुसरा बघितला.

दुसऱ्यात मिरी खिडकीशी होती. कपाळ काचेला टेकलेलं, एक पंजा काचेवर पसरलेला, श्वासानं काच धुरकटलेली. डोळ्यांत पाणी नव्हतं. भुवया मात्र मध्ये वर उचलल्या गेल्या होत्या आणि खालचा ओठ तिनं आत घट्ट धरून ठेवला होता, काहीतरी निसटू नये म्हणून धरतात तसा. खाली नमुन्यादाखल अक्षरं छापली होती: 'तुम्ही नसाल तेव्हा?'

"विमा कंपनी आहे," नवरा सांगू लागला. "त्यांना एक चेहरा हवाय. वर्षभर तोच वापरणार. बोर्ड, पत्रकं, बसच्या पाठी, सगळीकडे. आणि हे सगळं काम आपल्याकडे."

"आम्ही दोन्ही लावून बघितले," ताई म्हणाल्या. बोलताना त्यांचा नेहमीचा ठामपणा नव्हता, पण कामाची गोष्ट निघाली की त्यांना राहवायचं नाही. "किराणा दुकानाच्या दारात. एक दिवस हा, एक दिवस तो. मी गल्ल्यामागं उभी. हसरी मिरी बघून लोक हसतात, आणि हसत हसत पुढं जातात. हा दुसरा बघून पावलं रेंगाळतात. एक बाई पत्रक घेऊन गेली आणि परत येऊन दुसरं मागून घेतलं, जावेसाठी म्हणून. बघ ना, हसरा चेहरा बघून माणूस बिस्किटं घेईल, साबण घेईल. समोरचं हसलं की आपल्यालाही बरं वाटतं, आणि बरं वाटलं की हात सैल होतो. पण विमा कोण हसत हसत घेतो? त्याला आधी पोटात कालवावं लागतं."

वहिनीचं ऐकण्याकडे लक्ष नव्हतं. तिच्या वॉर्डात भिंतीवर चेहऱ्यांचा एक तक्ता होता. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला रडका, मधले पायरीपायरीनं उतरत जाणारे. ज्या पोरांना सांगता येत नाही ती त्यातल्या एकावर बोट ठेवतात, आणि किती दुखतंय ते कळतं. परक्यांच्या लेकरांचं दुखणं ती रोज असं वाचायची. समोरचा हा चेहरा मात्र त्या तक्त्यात कुठंच नव्हता. आणि स्वेटर ओळखीचा होता. निळा, कोपरावर ठिगळ लावलेला. मागच्या खेपेला निघायच्या आदल्या दुपारी ते ठिगळ तिनंच लावलं होतं.

"हा कधी काढलात?" तिनं विचारलं.

नवऱ्यानं ताईंकडे बघितलं, ताईंनी अण्णांकडे.

"वहिनी, तुम्ही मागच्या वेळी गेलात ना, त्या सकाळी," धाकटे दीर म्हणाले. "वरच्या खोलीतला उजेड छान पडला होता, म्हणून कॅमेरा घेऊन गेलो होतो. ती खिडकीत होती. मी तिला उचलून घ्यायला हवं होतं. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही, एवढी ती... मी आधी फोटो काढला. मग उचललं."

"वा रे काका," अण्णा पुटपुटले.

"अण्णा, सकाळपासून ऐकतोय मी तेच!"

"ऐकतोयस ना? मग अजून ऐक. मीही जन्मभर चेहरेच विकले. कुणाचं हसू विकलं, कुणाची डोकेदुखी विकली. पण ती साबणाची बाई कुणाची कोण नव्हती रे! तिला कुणी रस्त्यात ओळखलं नाही. हिच्या शाळेच्या भिंतीवर हा बोर्ड लागला की पोरं काय विचारतील? तुझी आई मेली का, म्हणून विचारतील."

"अण्णा!" ताई ओरडल्या.

"विचारतील. पोरं आहेत ती, विम्याचे एजंट नव्हेत."

नवरा इतका वेळ टेबलाला टेकून उभा होता. तो आता तिच्याकडे वळला. "अगं, एक गोष्ट तुला कुणी सांगितली नाही अजून. हे काम मिळालं तर स्टुडिओ पुन्हा उभा राहील. तुला राजीनामा देता येईल. इथल्या दवाखान्यात अर्धवेळ बघ, नाहीतर नको बघूस. पण घरी येशील. कायमची. मला बाकी काही दिसत नव्हतं, खरं सांगतो. एवढंच दिसत होतं."

वहिनी स्टुलावर बसली. खिडकीतल्या पोरीच्या त्या चेहऱ्यावरूनच तिच्याकडे परत यायची वाट होती. तो चेहरा विकला तर तो पुन्हा कधी तसा व्हायचा नाही, आणि विकला तर तो गावभर कायमचा तसाच राहायचा.

"ताई," ती म्हणाली, "ती दर वेळी अशीच दिसते?"

नवरा काहीतरी सांत्वनाचं बोलायला पुढं झाला. ताईंनी त्याला हातानंच थांबवलं. त्या तिच्याशेजारी, फोटोंच्या रिकाम्या खोक्यावर बसल्या.

"दर वेळी," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? पण फार वेळ नाही. तू बेकरीच्या कोपऱ्यावरून दिसेनाशी झालीस की खाली उतरते आणि विचारते, आज खायला काय? मग मी तिला लोणी लावून पाव देते. ती बडबड करत खाते, आणि मी ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत बसते. धुतलेलीच पुन्हा विसळते." त्यांनी पदरानं चष्मा पुसला, नसता पुसला तरी चाललं असतं. "तुझ्या नोकरीमुळं मला ही पोर मिळाली गं. माझ्या हातून जेवते, माझ्याजवळ झोपते, मला त्याचा आनंद होत नाही असं म्हटलं तर जीभ झडेल. पण दर खेपेला हा चेहरा बघते ना, तेव्हा कळतं की आपण कोण आणि आई कोण. म्हणून म्हटलं, विकून टाकू एकदाचा. तू घरी आलीस तर बघावा तरी लागणार नाही."

वहिनीनं त्यांचा हात धरला. साखरेच्या चमच्यावरून तासाभरापूर्वी या बाईला आपण मनात काय काय म्हटलं, ते आठवून तिला ओशाळल्यासारखं झालं.

जिन्यावर पावलं वाजली. कुणी अडवायच्या आत मिरी आत येऊन दोन्ही फोटोंसमोर उभी राहिली होती, कमरेवर हात ठेवून, एखाद्या गिऱ्हाइकासारखी.

"सगळे म्हणतात मी इथं रडतेय," तिनं दुसऱ्या फोटोकडे बोट केलं. "मी रडत नव्हते काही."

"मग काय करत होतीस, बाळा?" अण्णांनी विचारलं.

"आई वळून बघते का, ते बघत होते."

"आणि मग?" वहिनीनं विचारलं. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

"नाही बघितलंस. तू कधीच बघत नाहीस." मग आईचा चेहरा बघून मिरीनं घाईघाईनं तिची बाजू सावरून घेतली. "पण तुझी बस चुकेल ना. म्हणून."

बस कधीच चुकणार नव्हती. वहिनी नेहमी भरपूर आधी निघायची. वळून बघितलं तर पाय पुढं टाकता येणार नाही, एवढ्याच भीतीनं ती मान ताठ ठेवून त्या कोपऱ्यापर्यंत चालायची. आपल्या ताठ पाठीकडे कुणी डोळे लावून बसतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिनं मिरीला ओढून जवळ घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं. मिरी बराच वेळ शहाण्यासारखी तशीच राहिली. मग म्हणाली, "आई, गुदगुल्या होतात."

नवऱ्यानं पुढं होऊन खिडकीचा फोटो चिमट्यांतून सोडवला.

"अरे, कंपनीच्या त्या बाई येतीलच आता," ताई म्हणाल्या.

"येऊ दे. मी बोलतो."

विमा कंपनीच्या बाई आल्या तेव्हा भिंतीवर एकटी हसरी मिरी होती. त्यांनी ती नीट बघितली, मग इकडं तिकडं बघितलं. "दुसरा कुठाय?"

"तो नाही देणार," नवरा म्हणाला. "तो जाहिरातीसाठी काढलेलाच नव्हता. आमची चूक झाली तुम्हाला दाखवण्यात. हा घ्या. नाहीतर दुसरं मूल घेऊन नवा काढून देतो, त्याच्या आईबापांना सगळं सांगून."

बाई रागावल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि चहा घेतला. "हा गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण गोड चेहरे आमच्याकडे ढिगानं पडलेत. खरं सांगू का, तो दुसरा बघून मी त्या रात्री माझ्या मुलाच्या खोलीत दोनदा जाऊन आले. म्हणून तर हवा होता." त्यांनी दाराशी लुडबुडणाऱ्या मिरीकडे बघितलं, आणि मग वहिनीकडे. काम दुसऱ्या स्टुडिओला जाणार हे सांगायची गरजच नव्हती. निघताना त्यांनी कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला.

संध्याकाळी नवरा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. वहिनी त्याच्याशेजारी दाटीवाटीनं बसली.

"रागावलास?"

"कुणावर रागावू? तू आता घरीच राहणार, असं आठवडाभर मनात धरून बसलो होतो. ते सोडायला जरा वेळ लागेल."

"मीही दुपारी अर्धा तास धरून बसलेच होते की."

तो हसला. मग खांदा तिच्या खांद्याला लावून तसाच बसून राहिला. वर अण्णा आणि धाकटे दीर यांचं पुन्हा काहीतरी वाजलं होतं, पण आता ते नेहमीचं होतं, चहात साखर किती यावरून.

थोड्या वेळानं दीर खाली आले. "वहिनी, तो फोटो मी फाडून टाकू का?"

"काही नको. मला लहान करून द्या. पाकिटात मावेल एवढा."

"तो? अहो, हसरा घ्या ना!"

"हसरी मला रोज फोनवर दिसते, भाऊजी. ही मला कुणी दाखवलीच नव्हती."

रजा एवढीच होती; दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. बेकरीच्या कोपऱ्यावर पोचली, क्षणभर उभी राहिली आणि वळली. खिडकीत दीर होते, हात रिकामे, आणि त्यांच्या खांद्यावर मिरी. वहिनीनं हात हलवला. मिरीनं डोळे बारीक करून खात्री करून घेतली, मास्तर हजेरी घेतात तशी. मग पंजा उडवून 'जा आता' अशी खूण केली आणि खिडकीतून दिसेनाशी झाली. वहिनी तिथंच उभी राहून हसली, रडली आणि पुन्हा हसली. मग खरोखरच बस गाठायला तिला पळावं लागलं.

नोकरी तिला पुढंही बरीच वर्षं सोडता आली नाही. स्टुडिओ रखडत का होईना, चालला. कुणाच्या लग्नाचे फोटो, कुणाच्या दुकानाची पाटी, एकदा टोप्या विकणाऱ्यासाठी अण्णांचा स्वतःचाच चेहरा, आणि तो मात्र तुफान चालला.

त्या प्रसंगानंतरच्याच एका खेपेला परत जाताना तिची बस शहराबाहेरच्या चौकात अडकली. समोर भलामोठा बोर्ड होता. त्यावर कुणाचं तरी चारपाच वर्षांचं मूल, गालावर ओघळलेला एक थेंब, भुवया मध्ये वर उचललेल्या, आणि खाली तीच ओळ: 'तुम्ही नसाल तेव्हा?' तिनं तो जाणकारासारखा न्याहाळला. थेंब खोटा होता, एवढा गोल थेंब गालावर थांबत नाही. ओठाचा कोपरा तर जवळजवळ हसत होता, कॅमेऱ्यामागून कुणीतरी चॉकलेट दाखवत असणार.

शेजारच्या सीटवरच्या बाई मात्र चुकचुकल्या. "कसं बघतंय बिचारं."

"खोटं आहे हो," वहिनी म्हणाली. "जाहिरात आहे नुसती. असे चेहरे करून घेतात मुलांकडून."

"हो का?"

"मग! आमच्या घरचाच धंदा आहे." आणि हे बोलता बोलता तिच्या हातात फोन आलाही होता. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली.

"आई, नंतर कर ना," मिरीचा दमलेला आवाज आला. "मी अण्णांना ब्रशानं मिशी काढतेय, ते हलतात सारखे." फोन बंद झाला.

"घरी सगळं ठीक ना?" त्या बाईंनी विचारलं.

"अगदी."

बस हलली. बोर्ड हळूहळू मागं गेला. शेजारच्या बाई मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. मग जरा लाजूनच त्याही आपल्या पर्समध्ये फोन शोधू लागल्या.